एकाच घरच्या अजिंक्य भगिनी

८ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकन ओपनच्या महिला एकेरीचा अंतिम सामना व्हीनस आणि सेरेना विल्यम्स या सख्ख्या बहिणींत झाला, तेव्हा पुष्कळांना मोठे नवल वाटले. थोरल्या व्हीनसने तो ६-२, ६-४ असा जिंकला. वास्तविक विम्बल्डनमधील स्त्रियांच्या टेनिसचा इतिहासच मुळी दोन बहिणींपासून सुरू होतो. १८८४ साली विम्बल्डनचे दार स्त्रियांना प्रथम उघडले. १३ जणी उतरल्या, आणि अंतिम सामन्यात १९ वर्षांच्या मॉड वॉटसनने आपली थोरली बहीण लिलियन हिला हरविले. दोघी एका अँग्लिकन धर्मगुरूच्या कन्या.

एका घरात दोन अजिंक्यवीर का निपजावेत? रक्ताचा गुण म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस कारण अधिक साधे वाटते. मुलीला घराबाहेर खेळायला जोडीदार मिळणे जेथे दुरापास्त, तेथे बहीण हीच रोजची प्रतिस्पर्धी. विल्यम्स भगिनींनाही वडिलांनी कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर एकमेकींसमोर उभे केले होते. पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये सेरेनाने एकेरीची २३ आणि व्हीनसने ७ ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे मिळविली.

नेरसारख्या गावी टेनिसचे कोर्ट ही दूरची गोष्ट. परंतु महाराष्ट्रातील असे घर बुद्धिबळाच्या पटावर सापडते, आणि पट काही महाग नसतो. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली काढलेल्या 'नवाकाळ'चे ते घर. संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी कन्या. १९७४ मध्ये बंगळूर येथे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती वासंती यांनी जिंकली. पुढच्या वर्षी जयश्री. १९७६ मध्ये कोट्टायम येथे अवघ्या १३ वर्षांच्या रोहिणी. पहिल्या दशकात हे पद बहुतेक याच घरात फिरत राहिले. एकट्या रोहिणी यांच्याकडे ते पाच वेळा आले. १९७९ मध्ये जयश्री आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाल्या, तो मान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय. १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणी आशियाई विजेत्या ठरल्या, १२ पैकी साडेअकरा गुण मिळवून!

या सर्वांहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. त्याच १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. मोठा गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की, अशा स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. बहिणींशी खेळून तयार झालेल्या एका शाळकरी मुलीमुळे हे दार उघडले.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपलेच सभागृह येते. सुट्टीत कॅरम मांडला की मुलगे खेळायला बसतात आणि त्यांच्या बहिणी गुण मांडतात. बहिणीबहिणींनी समोरासमोर बसावे, असे आम्हांपैकी कोणाच्याही मनात आजवर आले नाही, हे कबूल करावयास हवे.

जयश्री पुढे 'नवाकाळ'च्या आणि रोहिणी 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या. वासंती यांचे नाव मात्र आज क्वचितच निघते. लिलियन वॉटसनचे तरी कोठे निघते? पण महिला राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत पहिले नाव वासंती यांचेच आहे.