आगीच्या मुळाशी पाणी

श्रोतेहो, ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी वापरली असेल. दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असे दिसले की ती आपसूक तोंडी येते. आज मात्र या म्हणीचा शब्दशः अर्थ घेऊन आपण थोडा इतिहास पाहू. आग जिथे आहे तिथेच पाणी पोचवायचे, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. प्रत्यक्षात ती साधायला माणसाला शेकडो वर्षे लागली, आणि त्यापायी अनेक शूर माणसांना जीव गमवावे लागले.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. खळ्यात कडब्याची गंजी पेटली की लोक धावतात आणि हातातली घागर उंच उठलेल्या ज्वाळेवर फेकतात. ज्वाळा क्षणभर दबते, पुन्हा उठते. असे का होते? ज्वाळा हा आगीचा शेंडा आहे. मूळ आहे खाली, तापलेल्या कडब्यात. तापलेल्या पदार्थातून पेटणारा वायू निघतो आणि त्या वायूची ज्वाळा होते. तेव्हा शेंड्यावर पाणी मारून झाड मरत नाही, मूळ गार करावे लागते. आग विझवण्याच्या विद्येचा सारा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

सन 1666 सालचे लंडन घ्या. 2 सप्टेंबरला पहाटे एका भटारखान्यात आग लागली. घरे लाकडाची, गल्ल्या अरुंद, वरून जोराचा वारा. चार दिवस शहर जळत होते. तेरा हजारांवर घरे आणि 87 चर्चे राख झाली. लोकांपाशी साधने काय होती? चामड्याच्या बादल्या, जळते छप्पर ओढून पाडायचे लांब आकडे, आणि पितळी पिचकाऱ्या! होय, आपल्या रंगपंचमीच्या पिचकारीचीच ती थोरली बहीण. दोघांनी दोन बाजूंच्या मुठी धरायच्या आणि तिसऱ्याने दट्ट्या रेटायचा. पाणी संपले की पुन्हा भरायची. हाताने चालवायचे पंप काही ठिकाणी होते. पण त्यांचे तोंड पंपावरच घट्ट बसवलेले असे. पंप जिथे उभा, तिथूनच पाणी उडणार. आग घराच्या मागल्या खोलीत असली तर पाणी पुढल्या भिंतीवर आपटून रस्त्यात वाहून जाई. म्हणीतला सोमेश्वर तो हाच.

यावर तोड काढली ती हॉलंडमधल्या एका चित्रकाराने. त्याचे नाव यान वान डेर हेडेन. जन्म 1637 चा. ॲम्स्टरडॅम शहराची घरे, पूल आणि कालवे यांची विटेनवीट दिसावी अशी चित्रे तो काढीत असे. 1652 साली त्या शहराचे जुने नगरभवन जळाले, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याने आणि त्याच्या भावाने मिळून पंपाला जोडायची चामड्याची लवचिक नळी तयार केली, आणि 1673 साली शहराच्या बंबांची व्यवस्था या भावांकडे सोपवण्यात आली.

आपल्या वडीलधाऱ्यांना विहिरीवरची मोट आठवत असेल. मोटेला चामड्याची सोंड असे. सोंड लवचिक, म्हणून पाणी नेमके थारोळ्यात पडे. वान डेर हेडेनची नळी म्हणजे जणू अशीच एक सोंड, पण सुमारे पन्नास फूट लांब, आणि टोकाला पितळी जोड असलेली. एका नळीला दुसरी जोडा, दुसरीला तिसरी जोडा. आता पंप कालव्याच्या काठी ठेवता येऊ लागला आणि पाण्याचे तोंड हातात धरून माणूस जिना चढून आगीच्या खोलीपर्यंत जाऊ लागला. 1690 साली त्याने आपल्या मुलाच्या साहाय्याने या विषयावर मोठा ग्रंथ छापला. त्यात चित्रांतून जुनी रीत आणि नवी रीत शेजारी शेजारी दाखवली आहे. एका चित्रात लोक बाहेरून पाणी उडवीत आहेत आणि घर जळते आहे; दुसऱ्यात नळी आत शिरली आहे. मास्तरमंडळींनी ध्यानात घ्यावे, हा त्या काळचा उत्तम धडा होता. चार पाने मजकूर जे समजावणार नाही, ते एका चित्राने समजते.

चामड्याच्या नळीला खोड होती ती शिवणीची. दाब वाढला की टाका उसवे. 1807च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कारागिरांनी शिवणीऐवजी तांब्याचे रिबिट ठोकले आणि नळी दाब सोसू लागली. पण चामडे जड. त्याला वरचेवर तेल-चरबी चोळावी लागे, नाहीतर ते तडकायचे. पुढे तागाच्या सुताच्या विणलेल्या नळ्या आल्या, मग आतून रबर लावलेल्या. त्या कामानंतर धुऊन टांगून वाळवाव्या लागत. जुन्या बंबखान्यांतून उंच मनोरा दिसतो, तो पुष्कळदा नळ्या वाळत घालण्यासाठीही बांधलेला असे.

नळी हाती आली. पण ती धरून आत जायचे कसे, हे शिकवणारा गुरू अजून यायचा होता. तो स्कॉटलंडमध्ये निघाला. जेम्स ब्रेडवुड 1824 साली एडिंबरो शहराच्या अग्निशामक दलाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस होते. त्याने गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे अशी कसबी माणसे निवडली, कारण घर कसे उभे राहते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कसे कोसळेल हे कळते. त्यांची कवायत तो पहाटे घेई, कारण आगी बहुधा रात्रीच्या आणि काम अंधारातले. 1833 साली लंडनच्या विमा कंपन्यांनी त्याला आपल्या संयुक्त दलाचा प्रमुख म्हणून बोलावले. तिथे त्याने खलाशी भरती केले. उंचावर चढायची, रात्री-अपरात्री उठायची आणि हुकूम पाळायची त्यांना सवय होती.

ब्रेडवुडचा आग्रह एकच होता. रस्त्यातून खिडकीवर पाणी उडवू नका. आत जा, जळती वस्तू शोधा आणि पाणी तिच्यावरच मारा. धूर दाट असेल तर जमिनीसरशी वाका, कारण जमिनीलगत काही इंच तरी बरी हवा बहुधा मिळते. हे त्याने 1830 साली आपल्या पुस्तकातही मांडले. आजही धुराने भरलेल्या घरातून बाहेर पडताना हाच नियम: उभे राहून पळू नका, रांगत या.

आता नळी धरण्याचे शास्त्र थोडे पाहू. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, त्यात काय आहे, नळी धरली की झाले! पण सुमारे अडीच इंच व्यासाची तीस मीटर नळी पाण्याने भरली की तिच्यात नव्वद किलोवर पाणी असते. शिवाय पाणी जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने ते धरणाऱ्याला मागे ढकलते. एक इंच तोंडाच्या नळीतून चौरस इंचाला पन्नास पौंड दाबाने पाणी सुटले, तर मागचा रेटा सुमारे 78 पौंडांचा, म्हणजे पस्तीस किलोंचा बसतो. म्हणून एकट्याने मोठी नळी धरायची नाही. पुढचा माणूस एक पाय पुढे रोवतो, नळी काखेखाली घट्ट दाबतो आणि तोंड दिशेवर ठेवतो. मागचा माणूस रेटा झेलतो आणि नळीचे वजन पेलतो. तिसरा कोपऱ्यावर किंवा जिन्यावर उभा राहून नळी आत सरकवतो, तिला पीळ पडू देत नाही. पीळ पडला की पुढे पाणी नाही, आणि आत गेलेला माणूस उघडा पडतो.

तोंड उघडायचे ते सावकाश, बंद करायचे तेही सावकाश. एकदम बंद केले तर धावते पाणी जागीच थडकते आणि नळी फुटू शकते. सुटे पडलेले चालू तोंड सापासारखे फटके मारते आणि माणसाचे हाड मोडते. आणि सर्वांत मोठा नियम: आत गेल्यावर नळी सोडायची नाही. धुरात काही दिसेनासे झाले तर हीच नळी हाताने चाचपत माणूस दाराशी परत येतो. ती पाणी नेते, तशीच वाटही दाखवते.

पण आत शिरण्यालाही मर्यादा असते, हे ब्रेडवुडच्याच मरणाने शिकवले. 22 जून 1861 रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवरच्या वखारींना आग लागली. आत ताग, कापूस, साखर, चरबी असा माल. वखारींमधली लोखंडी दारे उघडी राहिली होती, त्यामुळे आग एकीतून दुसरीत गेली. थकलेल्या जवानांची विचारपूस करीत असताना ब्रेडवुडच्या अंगावर भिंत कोसळली आणि तो जागीच गेला. ती आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. यानंतर पार्लमेंटने कायदा केला आणि 1866 पासून लंडनचे दल सरकारी झाले. त्याच लंडनच्या दलातला एक अधिकारी 1890 साली मुंबईच्या बंबखान्याचा प्रमुख म्हणून आला. ब्रेडवुडची शिकवण आपल्याकडे आली ती अशी.

पाणी कुठे मारावे हे ठरले. किती आणि कसे मारावे, हा विचार विसाव्या शतकात झाला. एक लिटर पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत तापायला सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ व्हायला आणखी 540 लागतात. म्हणजे पाणी खरी उष्णता खाते ते वाफ होताना. शिवाय एका लिटरची वाफ जवळजवळ 1700 लिटर जागा व्यापते. अमेरिकेतल्या लॉइड लेमन या अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या आगींचा अभ्यास केला आणि 1950 साली सांगितले की बंद खोलीत पाण्याचा बारीक तुषार मारला तर थोड्या पाण्यात आग दबते. पुढे आयोवा राज्यातल्या संशोधकांनी हिशोब घातला. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीसाठी साधारण 57 लिटर पाणी, म्हणजे चार-पाच हंडे, अर्ध्या मिनिटात नीट फवारले तर भडका खाली बसतो. मात्र यात धोका आहे. ती वाफ माणसाला भाजून काढते. तेव्हा आत कोणी अडकले असेल तर खोली वाफेने भरण्याची ही रीत वापरायची नाही. भडका बसला तरी निखारे उरतात, त्यांच्या मुळाशी सरळ धार मारावीच लागते.

आणि आता मुंबईची गोष्ट. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि कापसाचे हजारो गठ्ठे. दुपारी दीड-दोनच्या सुमारास धूर दिसला. मुंबईचे जवान आले. बत्तीस नळ्या लागल्या, नऊशे टनांवर पाणी जहाजात ओतले गेले. पण आगीचे मूळ सापडेना. दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्यात पाणी शिरत नाही. तो बाहेरून भिजतो आणि आत धुमसत राहतो. शिवाय कापूस पाण्यावर तरंगतो, तेव्हा पाणी चढले तसा जळता कापूसही वर दारूगोळ्याकडे चढू लागला. एका बाजूचा पत्रा इतका तापला की रंगाला फोड आले. जवान मात्र हातातली नळी सोडून हलले नाहीत. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशामक दलाचे 66 जवान होते.

या माणसांच्या शौर्यात उणे नव्हते, पाण्यातही उणे नव्हते. पाण्याला आगीच्या मुळापर्यंत वाट नव्हती. ही वाट कापूस आणि दारूगोळा एकत्र भरताना, म्हणजे आग लागण्याच्या कितीतरी आधी, बंद झाली होती. देशभर 14 एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून आठवडाभर सप्ताह असतो. 1956 साली अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले, ते पुढच्याच वर्षी नागपुरास आले. देशभरातले अधिकारी तिथे हे शास्त्र शिकतात.

मग आपण गावात काय करावे? बंब तालुक्याहून येईपर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो. आधी माणसे आणि जनावरे बाहेर काढा आणि 101 किंवा 112 क्रमांकाला कळवा. बाहेर पडताना जळत्या खोलीचे दार ओढून घ्या, आगीला हवा कमी मिळते. विजेचा प्रवाह तोडल्याशिवाय पाणी मारू नका. कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नको. चूल किंवा गॅस बंद करा आणि वर झाकण ठेवा. गंजी पेटली तर लोकांची रांग लावून बादल्या हातोहात द्या, पाणी ज्वाळेवर न फेकता बुडाशी टाका आणि शेजारची गंजी भिजवून घ्या. वरची आग बसली म्हणून घरी जाऊ नका. दाताळ्याने कडबा उपसून आतपर्यंत भिजवा, कारण धुमसणारी गंजी रात्री पुन्हा पेटते. कापसाच्या गठ्ठ्याचेही तसेच. तो उघड्यावर दूर ओढा आणि फोडून विझवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. एप्रिलच्या त्या सप्ताहात मुलांना गोळा करा, मैदानात एक खूण करा आणि विहिरीपासून तिथपर्यंत बादल्यांची रांग लावायला सांगा. पाणी नेमके खुणेवर पडायला किती वेळ लागला, ते घड्याळावर मोजा. पहिल्या दिवशी निम्मे पाणी वाटेतच सांडेल. चौथ्या दिवशी ते खुणेवर पडू लागेल. वान डेर हेडेनने चित्रांतून आणि ब्रेडवुडने पहाटेच्या कवायतीतून जे शिकवले, ते मुले मैदानावर चार दिवसांत शिकतील.