‘कोळी’ या नोंदीचा अर्थ

आंबिवलीच्या पश्चिमेस ठाणे-वसईच्या खाडीकाठी सोनकोळ्यांची वस्ती आहे. पूर्वेस मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ भागात महादेव कोळी राहतात. ‘कोळी’ हे नाव दोहोंस समान असले, तरी अनुसूचित जमातींच्या यादीत केवळ महादेव कोळ्यांचा समावेश आहे.

ठाण्याचे अपर आदिवासी विकास आयुक्त प्रतिवादी असलेल्या एका खटल्यात, वैद्यकीय शिक्षणातील राखीव जागेसाठी ‘महादेव कोळी’ म्हणून सांगितलेला हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये अमान्य केला. जुन्या शालेय नोंदींत ‘हिंदू कोळी’ असा उल्लेख होता. याच निकालाने पडताळणी समित्यांना कागदपत्रांबरोबर दैवते, विवाहविधी व अंत्यविधी यांचीही चौकशी करण्याची पद्धत घालून दिली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्याच वर्षी भारतीय सर्वोच्च न्यायालयाने, ठाकूर जमातीच्या प्रकरणात, रूढींची कसोटी एकमेव निर्णायक नसल्याचे सांगून संविधानपूर्व नोंदींचे महत्त्व अधोरेखित केले.

तथापि, दाखल्यात ‘कोळी’ लिहिणारा शिक्षक गावच्या व्यवहारातील शब्द वापरीत होता. त्या शब्दाची स्थानिक व्याप्ती प्रथम निश्चित न केल्यास खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची जागा कधी खोट्या दाव्याने, तर कधी त्याच्याच पूर्वजांच्या मोघम नोंदीने हिरावली जाईल.