दमा आणि नियोजित शस्त्रक्रिया

दम्याच्या रुग्णावर दिवस ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि त्या काळात येणारी धाप व भीती यांवरील उपाय. हर्निया, पित्ताशयातील खडे, मोतीबिंदू, गर्भाशय काढणे, गुडघेबदल, आधी ठरवलेले सिझेरियन अशा शस्त्रक्रिया यात मोडतात. अपघातात किंवा आतडे फुटल्यावर रुग्णाला आहे त्या स्थितीत टेबलावर घ्यावे लागते. नियोजित शस्त्रक्रियेत मात्र काही दिवस हाताशी असतात आणि गरज पडल्यास तारीख पुढे ढकलता येते. दमा असणे ही अशा शस्त्रक्रियेस मनाई नव्हे, पण दमा आटोक्यात नसताना ती करणे धोक्याचे असते.

श्वासनलिकांची संवेदनशीलता : दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. धूर, धूळ, परागकण, थंड हवा, सर्दी यांपैकी एखादे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, चिकट कफ साठतो आणि श्वास बाहेर सोडणे कठीण होते. पूर्ण भूल देताना श्वासमार्गात घातली जाणारी नळी हेही असेच एक निमित्त असते. नळी स्वरयंत्रातून आत जाते तेव्हा आणि शेवटी ती काढताना श्वासनलिका आकसण्याचा संभव सर्वाधिक असतो. असे प्रत्यक्षात किती वेळा घडते, याची पाहणी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या भूलतज्ज्ञांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. दम्याच्या 706 रुग्णांपैकी 12 जणांच्या, म्हणजे 1.7 टक्के रुग्णांच्या श्वासनलिका शस्त्रक्रियेच्या सुमारास आकसल्याची नोंद तीत आहे. नजीकच्या काळात दम्याची लक्षणे दिसलेल्या, दम्याचे औषध घ्यावे लागलेल्या किंवा दवाखाना गाठावा लागलेल्या रुग्णांत हे प्रमाण अधिक होते. त्यामुळे ‘दमा किती वर्षांपासून आहे’ या प्रश्नापेक्षा ‘गेल्या महिन्यात दमा कसा होता’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

भीती आणि धाप : शस्त्रक्रियेची तारीख जवळ येऊ लागली की दम्याच्या रुग्णाला दुहेरी काळजी लागते. शुद्ध येईल ना, दुखेल किती, या सर्वांनाच वाटणाऱ्या शंकांच्या जोडीला ‘टेबलावर दम लागला तर सांगणार कसे’ ही खास भीती असते. उताणे झोपवणे, तोंडावर मास्क धरणे, चेहरा कापडाने झाकणे या साध्या गोष्टींनीही अशा रुग्णाला गुदमरल्यासारखे वाटते. आडवे पडल्यावर त्रास वाढतो आणि उठून बसल्यावर आराम पडतो, हे लक्षण चरकसंहितेतील तमकश्वासाच्या वर्णनातही आले आहे.

भीतीने श्वास जलद व उथळ होतो. तोंडाने घेतलेली कोरडी, गार हवा नलिकांना चेतवते आणि मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस चेतातंतूच्या प्रभावाने त्या आणखी आकसू शकतात. उलट, केवळ घाबरल्यामुळेही धाप लागते. तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते, पण छातीत सूंसूं आवाज नसतो. साल्ब्युटामॉलचा पंप घेतल्यावर छातीत धडधडते आणि हात थरथरतात, ही औषधाची परिचित लक्षणेही पुष्कळदा भीतीच्या खाती जमा होतात. ती पाहून रुग्ण आणखी धास्तावतो.

धाप दम्याची की भीतीची, हा निवाडा अंदाजाने करण्यापेक्षा, श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरने करावा. काटा शून्यावर आणून उभ्याने खोल श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका दमात जोराने फुंकायचे. अशा तीन फुंकांतील सर्वांत मोठा आकडा धरतात. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांहून वर असल्यास दमा आटोक्यात, 50 ते 80 टक्क्यांत सावधगिरीची पातळी आणि 50 टक्क्यांखाली धोका, असा ढोबळ हिशेब असतो. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ हे आकडे वहीत टिपले, तर डॉक्टरांना पुरावा मिळतो आणि रुग्णालाही धीर येतो. शंका उरली तर आधी पंप घ्यावा व मग विचार करावा, कारण भीती आणि दमा एकाच वेळीही असू शकतात.

भूलपूर्व तपासणी : बोलीभाषेत ज्याला ‘फिटनेस घेणे’ म्हणतात ती ही तपासणी. केवळ सहीचा कागद मिळवण्याची पायरी म्हणून ती उरकू नये. भूलतज्ज्ञाला पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : शेवटची उबळ केव्हा आली, रात्री खोकल्याने जाग येते का, पंप आठवड्यातून किती वेळा लागतो, दम्यासाठी कधी अतिदक्षता विभागात राहावे लागले का, पूर्वीच्या भुलीच्या वेळी काही त्रास झाला का, अ‍ॅस्पिरिन किंवा दुसऱ्या एखाद्या वेदनाशामक गोळीने दम लागला होता का. प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे 7 टक्के लोकांना अशा गोळ्यांनी तीव्र उबळ येते. त्यांच्या नाकात बहुधा मांसल गाठीही असतात. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सर्रास दिले जाते, म्हणून ही माहिती केसपेपरवर ठळक लिहून घ्यावी.

गावोगावी दम्यावर दिल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या व गोळ्याही लपवू नयेत. अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेले असेल, तर अधिवृक्क ग्रंथी मंदावतात आणि शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराला लागणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. गेल्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या रुग्णाला त्या दिवशी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन देतात, ते याच कारणाने.

नुकतीच सर्दी किंवा छातीचा संसर्ग झाला असेल, तर श्वासनलिका काही आठवडे चिडलेल्या राहतात. अशा वेळी शस्त्रक्रिया साधारणतः 4 ते 6 आठवडे पुढे ढकलणे इष्ट असते. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी ‘साधी तर सर्दी आहे’ म्हणून ती सांगायचे टाळू नये. विडी-सिगारेट बंद करण्याचा पुरेपूर लाभ मिळायला 6 ते 8 आठवडे लागतात. मात्र एक दिवस आधी थांबवल्यानेही रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरते.

तारीख निवडताना ऋतूचाही विचार करता येतो. कोकण-गोव्यात पावसाळ्यातील ओल व भिंतींवरची बुरशी, शहरांत दिवाळीतील फटाक्यांचा धूर, तर पुणे परिसरात 1950 च्या दशकात प्रथम नजरेत भरलेल्या गाजर गवताचे परागकण, ही दमा उठवणारी परिचित कारणे आहेत. ज्याला ज्या दिवसांत त्रास होतो, ते दिवस शक्यतो टाळावेत.

औषधे : रोजचा स्टेरॉइडचा पंप शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत, त्या सकाळीही, चालू ठेवतात. ‘उपाशी राहा’ म्हणजे पंपही घेऊ नका, हा सर्वांत नेहमी आढळणारा गैरसमज आहे. फुप्फुसांत ओढल्या जाणाऱ्या औषधाने उपास मोडत नाही. घन आहार 6 तास व स्वच्छ पाणी 2 तास आधी बंद करतात. कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या, ते भूलतज्ज्ञ सांगतात. पीक फ्लो 80 टक्क्यांखाली असल्यास प्रेडनिसोलोनचा काही दिवसांचा कोर्स आधी दिला जातो. इतक्या अल्प काळाने जखम भरण्यात सहसा अडथळा येत नाही, पण मधुमेही रुग्णाची साखर वाढते व तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. भुलीपूर्वी 20 ते 30 मिनिटे साल्ब्युटामॉलचे 2 ते 4 पफ किंवा वाफ देण्याची पद्धत आहे. पंप स्पेसरमधून घेतल्यास औषध घशात न अडता खोलवर पोहोचते.

भुलीचा प्रकार : शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहून शक्य तेथे पाठीतील इंजेक्शनने किंवा त्या भागापुरती भूल देतात, म्हणजे श्वासमार्गात नळी घालावी लागत नाही. पूर्ण भूल द्यावी लागली तरी प्रोपोफॉल, केटामीन, सेव्होफ्लुरेन ही औषधे श्वासनलिका सैल करणारी असल्याने उपयोगी पडतात, तर डेसफ्लुरेन हा वायू नलिकांना चिडवू शकतो. हिस्टामीन मोकळे करणारी मॉर्फीन व अ‍ॅट्राक्युरियमसारखी औषधे जपून वापरतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे कार्बोप्रोस्ट दम्यात टाळावे लागते, म्हणून ठरवलेल्या सिझेरियनच्या आधी दम्याची नोंद प्रसूतितज्ज्ञाकडेही असावी लागते.

मोतीबिंदू हे नेहमीचे उदाहरण. डोळ्यापुरती भूल असल्याने येथे धोका कमी, पण रुग्णाला जागेपणी, उताणे, चेहऱ्यावर कापड घेऊन स्थिर पडावे लागते. खोकल्याची एक उबळही सूक्ष्मदर्शकाखालील डोळा हलवते. अशा वेळी खांद्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवतात, कापडाखाली नळीने प्राणवायू सोडतात आणि खोकला येणार असे वाटल्यास रुग्णाने परिचारिकेचा हात दाबायचा, अशी खूण आधीच ठरवतात. घरी आडवे पडून, तोंडावर पातळ पंचा घेऊन काही मिनिटे सराव केल्यास त्या दिवशीची धास्ती बरीच उतरते. काचबिंदूवर वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून रक्तात उतरून श्वासनलिका आकसवू शकतात. ते चालू असल्यास नेत्रतज्ज्ञाला दम्याची कल्पना द्यावी.

मनाची तयारी : नेदरलँड्समध्ये 1996 मध्ये तयार झालेल्या ‘अ‍ॅमस्टरडॅम’ मापनश्रेणीत शस्त्रक्रियापूर्व भीती सहा विधानांवरून मोजतात. चार विधाने भीतीविषयी, दोन माहितीच्या गरजेविषयी असतात. काहींना सारे तपशील ऐकले की बरे वाटते, तर काहींची काळजी त्याने वाढते. म्हणून ‘तुम्हाला किती सांगू?’ असे आधी विचारणे योग्य. 1963 मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट व सहकाऱ्यांनी दाखवले की, आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने भेटून नीट समजावून सांगितलेले रुग्ण शांत असतात, तर नुसते झोपेचे औषध दिलेले रुग्ण पेंगुळतात, पण शांत होत नाहीत. शामक औषधे श्वास मंदावतात. म्हणून घरातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरज असल्यास भूलतज्ज्ञ देखरेखीखाली योग्य औषध देतात.

रुग्णाने स्वतः करायचे उपाय साधे आहेत. नाकाने हळू श्वास घेऊन ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडणे, हा त्यांतला मुख्य. पोटावर हात ठेवून तो वर-खाली होताना पाहिला की श्वास आपोआप खोल होतो. संथ अनुलोम-विलोम चालतो. कपालभाती व भस्त्रिका यांतील वेगवान श्वास या दिवसांत टाळावा. आदल्या दिवशी पूजा करताना रुग्णाच्या खोलीत उदबत्ती, धूप किंवा कापूर जाळू नये. निरांजन दूर ठेवून नमस्कार केला तरी चालतो. दमा पहाटे चारच्या सुमारास बळावतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पंप उशाशी असावा आणि रुग्णालयातही तो सामानाच्या पिशवीत तळाशी न जाता हाताशी राहावा.

उबळ आल्यास : रुग्णाला ताठ बसवून किंचित पुढे झुकवावे, कोपरे मांडीवर किंवा उशीवर टेकवावीत. स्पेसरमधून साल्ब्युटामॉल एकेक पफ करून देतात. पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी 4 ते 10 पफ देता येतात. वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा धाप असूनही छातीतला आवाज अचानक बंद होणे ही गंभीर चिन्हे आहेत. अशा वेळी घरी पफ मोजत न बसता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेच्या सकाळी सूंसूं असेल तर ती लपवून ‘आता तारीख मिळाली आहे, उरकून टाकू’ म्हणणे महागात पडू शकते. तारीख पुन्हा मिळते.

शस्त्रक्रियेनंतर : पोटाच्या वरच्या भागातील टाक्यांमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो आणि कफ साठतो. म्हणून पुरेशी वेदनाशामके देणे हा दम्याचाही उपचार ठरतो. सहसा पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतात. तीन चेंडूंचे श्वसनयंत्र बहुतेक रुग्णालयांत हाती मिळते. यात नळीतून हवा आत ओढायची असते. फुंकणे ही नेहमीची चूक. सर्वसाधारण यंत्रात पहिला चेंडू सेकंदाला 600, दुसरा 900 व तिसरा 1200 घनसेंटिमीटर वेगाला वर जातो. तिसरा वर जाण्यापेक्षा पहिले दोन काही क्षण वर टिकणे अधिक उपयोगाचे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरल्यास वेदना कमी होते. पंप पूर्ववत चालू ठेवतात, शक्य तितक्या लवकर बसवतात व चालवतात. घरी सोडताना कोणती वेदनाशामके चालतील, पीक फ्लो कितीखाली गेल्यास फोन करायचा आणि छातीच्या डॉक्टरांकडे केव्हा जायचे, हे तीन मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत. भुलीच्या वेळी काही त्रास झाला असल्यास त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी. पुढच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ आधी तीच पाहतो.