शेळ्यांचे मिथेन-मापन

शेळीच्या पचनातून बाहेर पडणारा मिथेन वायू दिवसाकाठी किती ग्रॅम भरतो, हे ठरवण्याच्या पद्धती. शेळीच्या कोठीपोटात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे सूक्ष्मजीव चारा आंबवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो आणि आर्किया गटातील जीव तो कार्बन डाय-ऑक्साइडशी जोडून मिथेन तयार करतात. हा वायू मुख्यतः ढेकरेतून व श्वासातून जातो, गुदद्वारातून फार थोडा. म्हणून शेतावरची मापने नाकातोंडाशीच केली जातात.

सर्वांत भरवशाची पद्धत श्वसनकक्षाची. शेळीला बंद खोलीत ठेवून आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील मिथेनचा फरक काढतात आणि त्याला हवेच्या प्रवाहाने गुणतात. खोली गळत नाही ना, हे मोजून सोडलेल्या मिथेनने आधी तपासावे लागते. शेळी कळपात राहणारी. एकटी पडली की ओरडते, चारा टाकते, आणि कमी खाल्ले की मिथेनही कमी निघतो. त्यामुळे तिला आधीपासून सवय लावणे आणि शेजारची शेळी दिसेल अशी पारदर्शक भिंत ठेवणे मापनाच्या अचूकपणासाठीच आवश्यक आहे.

मोकळ्या चराईवर सल्फर हेक्झाफ्लोराइडची पद्धत चालते. ती अमेरिकेत गुरांसाठी विकसित झाली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. हा वायू ठरावीक वेगाने सोडणारी छोटी नळी कोठीपोटात ठेवतात. मोरकीला बसवलेली बारीक नळी नाकाजवळची हवा निर्वात डब्यात ओढून घेते आणि डबा साधारणतः २४ तासांनी बदलतात. दोन्ही वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढतात. हातातले लेसर यंत्र शेळीला हात न लावता श्वासातील मिथेन दाखवते, पण तो आकडा प्रमाणाचा असतो, वजनाचा नव्हे. त्यावरून दिवसाचे ग्रॅम काढताना बरेच अंदाज बांधावे लागतात.

आकडा नेहमी खाल्लेल्या कोरड्या चाऱ्याशी जोडून द्यावा; नुसता ‘दर शेळी’ आकडा फसवतो. ओकलाहोमातील लँग्स्टन विद्यापीठात अंगोरा शेळ्यांवर झालेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याची साक्ष देतो. गवतावरच्या शेळ्या रोज १०.६ ग्रॅम, तर लेस्पेडेझा या टॅनिनयुक्त चाऱ्यावरच्या ७.४ ग्रॅम मिथेन सोडत होत्या. दर किलो कोरड्या चाऱ्यामागे मात्र हेच आकडे १६.२ व ६.९ झाले, म्हणजे तफावत निम्म्याहून मोठी.

हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत शेळीमागे वर्षाला ५ किलो हा ढोबळ गुणक आहे. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार १४.८९ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे १.०६ कोटी शेळ्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा बाभळीचा टॅनिनयुक्त पाला व शेंगा खातात. म्हणून महाराष्ट्रातल्या उस्मानाबादी जातीच्या शेळीचा हिशेब अंगोराच्या आकड्यावरून मांडू नये. माळरानात चरताना तिच्याच मोरकीला डबा जोडून मिथेन मोजावा.