शिवेवर पोचलेले प्यादे

शीव म्हणजे हद्द. मुंबईच्या शीव गावाचे नावच ते सांगते. इंग्रज गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, तेथील टेकडीवर किल्ला उठला. अलीकडे कंपनीचा मुलूख, पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. शिवेवरच्या साध्या शिपायाने शीव ओलांडली तर पुढे त्याचे काय, हा प्रश्न इतिहासाने फारसा मनावर घेतलेला नाही. बुद्धिबळाच्या पटावर मात्र त्याचा निकाल लावल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आपल्या जुन्या देशी डावात हा निकाल मोठा मासलेवाईक असे. पुष्कळ ठिकाणी, प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल त्याच मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे. हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट. राजाच्या घरी पोचलेल्याचा मात्र वजीर होई. एका पक्षाला दोन राजे कसे परवडावेत? शिवाय तो मोहरा आधी मेलेला असावा लागे. जागा रिकामी नाही, तर बढतीही नाही! घोड्याच्या घरी पोचलेल्याला त्याच खेळीत एक उडी बक्षीस मिळे, अशीही चाल होती. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्यादे कोणत्याही घरी पोचो, राजा सोडून हवे ते होऊ शकते. म्हणजे एका नियमात वाट ठरलेली, तर दुसऱ्यात निवड मोकळी.

हे दोन्ही प्रकार मुंबईत फार पूर्वीच समोरासमोर आले होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली येथे छापले गेले. त्यातील डाव युरोपी पद्धतीला जुळवून दिले आहेत, असे त्याच्या नावातच सांगितलेले आहे.

पुढे गंमत अशी झाली की, भारतातून इराणमार्गे युरोपात गेलेल्या या खेळाला तेथे नवे फाटे फुटले. ब्रन्सविकच्या हेलविगने १७८० साली बुद्धिबळावरूनच डोंगर, नद्या आणि तोफखाना असलेला युद्धखेळ बेतला. १८२४ साली प्रशियाच्या लष्करात तसाच खेळ पंचासह शिरला. या युद्धखेळांच्या परंपरेतूनच १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. त्यात प्याद्याचा माणूस झाला. खेळणाऱ्याने लढवय्या, मांत्रिक किंवा पुजारी व्हावयाचे आणि अद्भुताच्या प्रवासाला निघावयाचे. पण लगेच जुनेच तंटे उभे राहिले. पुजाऱ्याने तलवार धरावी काय? पहिल्या नियमांप्रमाणे नाही. धारेचे शस्त्र त्याला वर्ज्य, सोटा मात्र चालेल. मग लढवय्याला मांत्रिक होता येईल का? होईल, पण त्याच्या अंगी बुद्धीचे १६ तरी गुण हवेत. हे गुण तीन फासे टाकून ठरत, आणि तीन फाशांच्या २१६ पडींपैकी अवघ्या १० पडींतच १६ किंवा त्याहून अधिक दान येते!

घरातल्या मुलांचे असले वाद पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. कोणी काय व्हावे, हे ठरवणारे नियम पटाबाहेरही असतात. १९७६ साली गिरगावच्या रोहिणी खाडिलकर ही शाळकरी मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. नियम वाचणाऱ्यांनी तो नीट वाचला, एवढ्यानेच एक दार उघडले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला.

तेव्हा या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून पट मांडाल, तर एक डाव देशी नियमाने खेळून पाहा. आपले प्यादे पलीकडच्या शेवटच्या घरात पोचावे आणि तेथली जागा अजून भरलेली असावी, म्हणजे त्या शिपायाचे दुःख काय असेल ते न सांगता कळेल.