कायोटीला साद घालण्याच्या पद्धती

कायोटी (शास्त्रीय नाव: कॅनिस लॅट्रन्स) या उत्तर अमेरिकेतील श्वानकुलीन प्राण्याला भक्ष्याचा किंवा स्वजातीयाचा आवाज काढून जवळ बोलावण्याच्या तंत्रास साद घालणे असे म्हणतात. शिकारी, कळपांच्या रक्षणासाठी नेमलेले शासकीय कर्मचारी, छायाचित्रकार आणि वन्यजीव-अभ्यासक हे तंत्र वापरतात. आवाज तोच असला, तरी तो किती दूर पोहोचेल आणि प्राणी कोणत्या वाटेने येईल हे भूप्रदेशावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

'कायोटी' हे नाव नाहुआत्ल भाषेतील 'कोयोत्ल' या शब्दावरून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले. थॉमस से यांनी १८२३ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा' असा आहे. संध्याकाळी त्याचा समूहस्वर ऐकला, तर महाराष्ट्रातील वाचकास कोल्हेकुईची आठवण व्हावी. फिलिप लेनर यांनी १९७८ मध्ये कायोटीच्या ध्वनींचे अकरा प्रकार नोंदवले.

साद मुख्यत्वे दोन प्रकारची असते. पहिलीत जखमी सशाचा किंवा उंदराचा आर्त स्वर काढतात, तर दुसरीत कायोटीची आरोळी किंवा पिल्लांचे केकाटणे. यासाठी पत्ती बसवलेली तोंडाची पिपाणी किंवा ध्वनिमुद्रित आवाज देणारे विद्युत यंत्र वापरतात. जानेवारी ते मार्च या मीलनकाळात आरोळी अधिक परिणामकारक ठरते. पिल्ले जन्मल्यानंतर त्यांच्या केकाटण्याला नर-मादी धावून येतात.

वारा आणि ध्वनी

कायोटी सादेच्या दिशेने सरळ क्वचितच येतो. बहुधा तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगास जातो आणि गंध घेऊनच पुढे सरकतो. म्हणून जागा निवडताना पहिला विचार वाऱ्याचा, दुसरा दृष्टिक्षेपाचा आणि तिसरा आवाजाचा करावा लागतो. नवशिके नेमका हा क्रम उलटा लावतात. शांत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे ध्वनी खाली वळून दूरवर जातो. तापलेल्या दुपारी तो वर वळतो आणि तीच साद निम्म्या अंतरावरही ऐकू येईनाशी होते.

भूप्रदेशानुसार बदल

कॅन्सस, नेब्रास्का यांसारख्या राज्यांतील गवताळ माळरानांवर आवाज लांब जातो, पण माणूसही लांबून दिसतो. येथे खरे कौशल्य साद घालण्यापूर्वीचे आहे. वाहन टेकाडामागे ठेवणे, क्षितिजरेषेवर उभे न राहणे, ओहोळातून चालत येणे आणि उताराच्या माथ्याऐवजी किंचित खाली, आपली आकृती पार्श्वभूमीत विरेल असे बसणे, यांवर यश ठरते. दोन बैठकांमधील अंतर मोठे ठेवतात, कारण पहिली साद ऐकून सावध झालेला प्राणी दुसरीला फसत नाही. यंत्र असल्यास ते बसण्याच्या जागेपासून दूर ठेवतात, म्हणजे प्राण्याची नजर तिकडे राहते.

डोंगराळ भागात अडचण वेगळी असते. खडकांवरून प्रतिध्वनी उठतात आणि धारेपलीकडे ध्वनीची सावली पडते. त्यामुळे एकाच जागी जोराने साद घालण्यापेक्षा प्रत्येक घळीत स्वतंत्रपणे हळू साद घालणे श्रेयस्कर. येथील वारा दिवसात दिशा बदलतो. रात्री व पहाटे थंड हवा दरीत उतरते, तर ऊन चढल्यावर ती उतारावरून वर वाहू लागते. पहाटे योग्य असलेली जागा दहा वाजता निरुपयोगी ठरते ती यामुळेच.

सोनोरा आणि चिवावा वाळवंटांतील काटेरी झुडपांत दृष्टी तोकडी पडते. तेथे कोरड्या ओढ्यांच्या काठी किंचित उंच जागा शोधतात. पूर्वेकडील दाट वनांत पाने आणि खोडे उंच पट्टीचे स्वर विखुरतात व शोषतात. म्हणून तेथे बैठका जवळजवळ घेतात, आरंभी आवाज अगदी मंद ठेवतात आणि शेताच्या कडा किंवा जुन्या पायवाटा निवडतात. ताजा भुसभुशीत बर्फही ध्वनी शोषून घेतो.

अभ्यासातील उपयोग, कायदे व वाद

मुद्रित आरोळी किंवा भोंगा वाजवून मिळणाऱ्या प्रत्युत्तरांवरून कायोटींचे अस्तित्व व वावर नोंदवता येतो. युरोपात सोनेरी कोल्ह्यांसाठीही हीच रीत वापरतात. मात्र दरीत प्रत्युत्तर ऐकू आले नाही, म्हणजे तेथे प्राणी नाहीत असे ठरत नाही.

विद्युत यंत्र आणि रात्रीची शिकार यांविषयीचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायोटी मारण्याच्या बक्षीस-स्पर्धांवर बंदी घातली; व्हरमाँट (२०१८) आणि न्यू मेक्सिको (२०१९) यांनीही स्पर्धा बंद केल्या. मेंढपाळांचे नुकसान खरे असते. परंतु सरसकट हत्येने संख्या टिकाऊपणे घटत नाही, कारण रिकामे झालेले क्षेत्र बाहेरचे कायोटी व्यापतात आणि घनता कमी झाल्यास माद्यांना अधिक पिल्ले होऊ शकतात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ओळख चुकण्याचा धोका याहून गंभीर आहे. उत्तर कॅरोलायनात १९८७ पासून पुन्हा सोडण्यात आलेले लाल लांडगे कायोटी समजून मारले गेले. अखेर २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या अधिवासाच्या पाच काउंटींमध्ये कायोटींच्या शिकारीस मनाई केली. सादेला जो प्राणी येतो, तो झाडीच्या कडेला अंधूक उजेडात काही क्षणच दिसतो, आणि लाल लांडगा व मोठा कायोटी यांतील फरक तेवढ्या वेळात सराईतालाही हेरता येत नाही.