पाद्री आणि मनोवैद्य
व्यथित मनाला नुसता उपदेश पुरत नाही, हे झुरिकचे पाद्री ऑस्कर फिस्टर यांनी ओळखले होते. १९०९ साली त्यांचा व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. एक ईश्वरनिष्ठ, दुसरा निरीश्वरवादी! तरीही मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही व अधार्मिकही नाही; दुःखिताच्या सेवेसाठी पाद्र्यानेही ते वापरावे, असे फ्रॉइड यांनी कळविले. १९२७ मध्ये त्यांनी धर्माला भ्रम ठरविले. १९२८ मध्ये फिस्टर यांनी त्याचे खंडन केले आणि ते छापले गेले फ्रॉइड यांच्याच 'इमागो' नियतकालिकात! १९३९ साली फ्रॉइड निवर्तले, तोवर हा स्नेह टिकला. वाद सिद्धान्तांचा होता. पीडिताचे ऐकून घ्यावे, याविषयी नव्हता. हा विवेक आजही मोलाचा नव्हे काय?